गाडी स्वस्त झाली, जाणं-येणं नाही

२०२५ या एकाच वर्षात तीन निर्णय आले. तिघांची खाती वेगळी, जाहीर करणारे वेगळे. पण शिरवळच्या स्टँडवर उभं राहून बघितलं तर तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

पहिला निर्णय २५ जानेवारीचा. एसटीची भाडेवाढ, १४.९५ टक्के. साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. दुसरा १५ ऑगस्टचा. राष्ट्रीय महामार्गावर खासगी कारसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला. तिसरा २२ सप्टेंबरचा. छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. छोट्या कारवरचा उपकरही गेला. त्यानंतरच्या नवरात्र-दिवाळीत शोरूमसमोर काय गर्दी होती, ते तुम्ही पाहिलंच असेल. कदाचित त्या गर्दीत तुम्हीही असाल.

बस महाग, टोल स्वस्त, गाडी स्वस्त. मग कॉलेजला जाणाऱ्या किंवा नुकतंच एमआयडीसीत लागलेल्या पोराने गाडी घ्यायची, यात विचार करण्यासारखं काय आहे? बरंच काही आहे. त्यासाठी कागद-पेन घेऊन बसावं लागेल, आणि आकडे शिरवळचेच घ्यावे लागतील. मुंबईतला लोकलचा पास किंवा पुण्यातली मेट्रो इथे उपयोगाची नाही.

शिरवळला रेल्वे नाही. ती गाठायची तर लोणंदला किंवा नीरेला जा. जे आहे ते महामार्गावर. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा. सारोळा, कापूरहोळ, नसरापूर फाटा, खेड-शिवापूरचा टोलनाका, मग कात्रजचा बोगदा आणि शहर. दुसऱ्या बाजूला पारगाव-खंडाळा, खंबाटकीचा घाट, सुरूर, आनेवाडीचा टोलनाका आणि सातारा. दोन्ही शहरं साधारण सारख्याच अंतरावर, पन्नास किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे इथून रोज दोन प्रवाह निघतात. एक शिकायला बाहेर जातो, दुसरा कामाला आत येतो: गोदरेजचा कारखाना, खंडाळ्याचा एशियन पेंट्सचा कारखाना आणि त्यांच्याभोवतीचे असंख्य छोटे-मोठे शेड. गावातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण इंजिनिअरिंग, फार्मसी, स्पर्धा परीक्षेचा क्लास म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पुणंच येतं.

आता पहिलं गणित. शिरवळ ते स्वारगेट पन्नास किलोमीटर धरा. सहा किलोमीटरचा एक टप्पा म्हणजे नऊ टप्पे. भाडं ढोबळमानाने ९० रुपये, जाऊन-येऊन १८०. महिन्याचे तीस दिवस धरले तर ५,४०० रुपये. विद्यार्थी सवलत पासात यातला एक तृतीयांशच भरावा लागतो, कारण सवलत ६६.६७ टक्के आहे. म्हणजे साधारण १,८०० रुपये. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, पण कॉलेजच्या मुलीने रोज अर्धं तिकीट काढलं तरी पंचवीस दिवसांचे २,२५० होतात. तिच्यासाठीही विद्यार्थी पासच स्वस्त. हे अनेकींना माहीत नसतं, कारण ‘आम्हाला हाफ तिकीट आहे’ एवढ्यावर विषय संपतो. नोकरदारासाठी मासिक पास आहे, वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास. आपल्या हिशेबाने ३,६०० रुपये.

हा झाला बसचा आकडा. आता दुचाकी.

शंभर सीसीच्या आसपासची गाडी, ऑन-रोड एक लाख धरू. जीएसटी घटल्याने किती वाचले? करापूर्वीची किंमत ७५,००० असेल तर आधी ९६,००० पडायची, आता ८८,५००. साडेसात हजार वाचले. चांगली रक्कम आहे, नाही कशाला म्हणा. पण रोज पुण्याला जायचं तर दिवसाला शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २,५०० किलोमीटर. पन्नासचं अ‍ॅव्हरेज धरलं तर पन्नास लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरा. ५,२५० रुपये झाले. जीएसटीत वाचलेले साडेसात हजार दीड महिन्यात पेट्रोलपंपावर संपतात.

आणि पेट्रोल हा सगळा खर्च नाही. तो दिसणारा खर्च आहे. वर्षाला तीस हजार किलोमीटर पळवलेल्या गाडीला पाच वर्षांनी कोण किती देणार? पंचवीस हजार मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे ७५,००० रुपये रस्त्यावर झिजले, महिन्याला १,२५०. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक यांचे महिन्याला ८०० धरा. कर्जाचं व्याज पाच वर्षांत वाटलं तर महिन्याला आणखी २५०-३००. सगळं मिळून साडेसात हजारांच्या घरात जातं. किलोमीटरला तीन रुपये.

पास १,८०० आणि गाडी ७,५००. फरक ५,७०० रुपयांचा. त्या बदल्यात काय मिळतं? वेळ. बस थांबत-थांबत जाते, शिवाय तिची वाट बघण्यात वेळ जातो. गाडीवर रोजचा एक तास वाचला असं समजू. महिन्याला पंचवीस तास. म्हणजे तुम्ही तुमचाच एक तास २२८ रुपयांना विकत घेताय. त्या तासात क्लासचा पेपर सोडवणार असाल, कुठे पार्ट-टाइम काम करणार असाल तर कदाचित परवडेलही. तो तास कट्ट्यावर जाणार असेल तर कट्टा महाग पडला. (कट्ट्याला माझा विरोध नाही. फक्त त्याची किंमत माहीत असावी.)

आता याच गाडीचं दुसरं गणित. समजा तुमचं गाव शिरवळपासून बारा किलोमीटर आत आहे आणि तुम्ही एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करता. दिवसाला चोवीस किलोमीटर, महिन्याला ६००. पेट्रोल बारा लिटर, १,२६० रुपये. गाडी कमी पळते म्हणून पाच वर्षांनी निम्मी किंमत येईल. झीज महिन्याला ८३३. देखभाल ३००, व्याज २६७. एकूण २,६६० रुपये. किलोमीटरला साडेचार रुपये पडतात, म्हणजे पुण्यापेक्षा महाग! तरीही इथे गाडी घेणं शहाणपणाचं आहे. कारण सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते तेव्हा गावाकडे जाणारी एसटी नसते, वडापही नसतं. इथे गाडी वेळ वाचवत नाही, नोकरी मिळवून देते. गाडी नसेल तर ते काम घेताच येत नाही.

एकच गाडी, एकच किंमत, एकच जीएसटी. एका पोराला ती खड्ड्यात घालते, दुसऱ्याला उभं करते. म्हणून ‘गाडी घ्यावी का?’ हा प्रश्न मित्राला विचारून उपयोग नसतो. त्याचं अंतर वेगळं, त्याची शिफ्ट वेगळी.

दहा टक्के म्हणजे किती टक्के?

शोरूममधल्या टेबलावर सगळ्यात जास्त बोलला जाणारा आकडा म्हणजे हप्ता. ‘फक्त चार हजार महिना.’ त्याच्या मागचा आकडा क्वचित विचारला जातो.

समजा एक लाखातले वीस हजार डाऊन पेमेंट दिले, ८०,००० चं कर्ज, दोन वर्षं, ‘दहा टक्के फ्लॅट’. फ्लॅट म्हणजे दोन्ही वर्षं व्याज पूर्ण ८०,००० वर. दरसाल आठ हजार, एकूण सोळा. ९६,००० भागिले चोवीस, बरोबर चार हजार. हिशेब तोंडी होतो, म्हणून तो सरळ वाटतो. पण तुम्ही पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत करताय. वर्ष संपल्यावर निम्म्याच्या आसपास कर्ज फिटलेलं असतं, आणि व्याज मात्र अजून पूर्ण ८०,००० वरच चालू! उरलेल्या रकमेवर व्याज, म्हणजे बँकवाले ज्याला ‘रिड्यूसिंग बॅलन्स’ म्हणतात, त्या पद्धतीने मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या वर जातो. प्रोसेसिंगचे दोन हजार आधीच कापून घेतले असतील, तर २० च्या पुढे.

यावर उपाय आता कायद्यातच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक केलंय. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी आणि बाकीचे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, ते त्यात येतं. दोन ठिकाणचं कर्ज तोलायचं तर हाच आकडा शेजारी-शेजारी ठेवा. सही करायच्या आधी तो कागद मागा, आणि ‘नंतर मेलवर येईल’ म्हणाले तर तो आल्यावरच सही करू, असं सांगा. रांगेत मागे दहा जण उभे असतात, वडील घड्याळ बघत असतात, पेढे आणलेले असतात. हे सगळं माहीत असूनही सांगतोय.

हातात पगार सोळा हजार येत असेल तर चार हजारांचा हप्ता आणि बाराशे-साठचं पेट्रोल मिळून पगाराचा तिसरा हिस्सा जातो. तोही पहिल्या पगाराचा, जेव्हा घरी काही द्यायचं असतं, धाकट्या बहिणीची फी असते आणि कंत्राट पुढच्या महिन्यात वाढेल की नाही, याची खात्री नसते. कंत्राटी नोकरी आणि दोन वर्षांचा हप्ता यांचा मेळ बसतो का, हे कोणी तुमच्यासाठी तपासत नाही. हप्ता चुकला तर दंड भरून प्रकरण मिटत नाही. ती चूक क्रेडिट रिपोर्टमध्ये जाऊन बसते, आणि वडिलांच्या नावावर कर्ज असेल तर त्यांच्या. पुढे तुमच्या बहिणीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी बँक तोच रिपोर्ट उघडते. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा हा रिपोर्ट फुकट मिळतो. एकदा मागवून बघायला काही हरकत नाही.

टोलचा पास कोणाचा?

२०२५ मध्ये वार्षिक पासचं गणित जाहिरातीत असं सांगितलं गेलं: ३,००० रुपयांत २०० फेऱ्या, म्हणजे फेरीला १५ रुपये. खेड-शिवापूरला कारचा एकेरी टोल शंभराच्या पुढे आहे, त्यामुळे फायदा उघड आहे. मात्र ‘फेरी’ म्हणजे काय, ते नीट वाचा. नाका एकदा ओलांडला की एक फेरी. पुण्याला जाऊन आलात की दोन. पंचवीस दिवस रोज जाणाऱ्याच्या महिन्याला पन्नास होतात, आणि ‘वार्षिक’ पास चार महिन्यांत संपतो. वर्षाला तीन पास, त्या दराने नऊ हजार रुपये. तरीही जुन्या दरापेक्षा स्वस्तच. हा पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला आहे आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नाक्यांवरच चालतो. गावाकडून थेट मुंबईला निघालात तर पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर नेहमीचा टोल द्यावाच लागतो.

दुचाकीला टोल नाही, त्यामुळे या पासशी दुचाकीवाल्याचा संबंध नाही. एसटीत बसणाऱ्याचा तर नाहीच. कारवाल्याला सवलत मिळाली, त्याबद्दल मला वाईट वाटायचं कारण नाही. पण ज्या वर्षी एका बाजूला कारवाल्याची फेरी १५ रुपयांवर आणली जाते, त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला बसच्या प्रवाशाला १५ टक्के जास्त मोजायला लावलं जातं, तेव्हा धोरण कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखलं जातंय, हा प्रश्न विचारायला हवा. रस्ता सहापदरी झाला, खंबाटकीला नवा बोगदा हाती घेतला गेला. त्याच रस्त्यावर स्टँडवरच्या पोरासमोरून सातारा-स्वारगेट विनाथांबा गाड्या न थांबता निघून जातात.

मग चार मित्रांनी मिळून एका कारने जायचं का? हा विचार शिरवळमध्ये बऱ्याच जणांनी करून पाहिलाय. २,५०० किलोमीटर, अठराचं अ‍ॅव्हरेज, साधारण १३९ लिटर पेट्रोल, साडेचौदा हजार रुपये. चौघांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ३,६५०. वर टोलचे पावणेदोनशे-दोनशे. गंमत बघा, नोकरदाराचा एसटीचा मासिक पास ३,६०० चा होता. म्हणजे चौघांनी खांद्याला खांदा लावून प्रवास केला तेव्हा कुठे नुसतं पेट्रोल एसटीच्या पासाएवढं झालं. गाडीचा हप्ता, विमा, झीज हे सगळं अजून मालकाच्याच डोक्यावर. मालक म्हणतो, ‘थोडं जास्त द्या’, आणि इथून प्रकरण बिघडतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून परवाना न घेता भाडं घेऊन माणसं नेणं हे शेवटी वडापच. अपघात झालाच तर विमा कंपनी तेवढं कारण पुढे करू शकते.

कारच्या हप्त्याबद्दलही एक आकडा देतो, कारण पगार थोडा वाढला की घरात हा विषय निघतोच. शोरूम किंमत साडेसहा लाख. पेट्रोल कार दहा लाखांच्या आतली म्हणून ११ टक्के रस्ता कर, ७१,५०० रुपये. विमा वगैरे धरून ऑन-रोड साडेसात लाखांच्या पुढे. सहा लाखांचं कर्ज, दहा टक्क्यांनी (इथे रिड्यूसिंग), सात वर्षं. हप्ता ९,९६१. एकूण व्याज दोन लाख ३६ हजारांच्या वर. सात वर्षं का घेतात? हप्ता दहा हजारांच्या आत दिसावा म्हणून.

आता तीन वर्षांनी काय परिस्थिती असते, ते बघा. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना वयाप्रमाणे घट धरतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. साडेसहा लाखांच्या गाडीची किंमत उरली ३ लाख ९० हजार. आणि छत्तीस हप्ते भरल्यावर बँकेचं येणं किती? सुमारे ३ लाख ९३ हजार. डाऊन पेमेंट आणि हप्ते मिळून पाच लाखांहून जास्त भरलेत, आणि आज गाडी विकून बँकेचे पैसे देऊन टाकायचे म्हटलं तर हातात शून्य. नोकरी गेली म्हणून गाडी विकावी, हा मार्गसुद्धा तेव्हा बंद असतो. कर्ज चार-पाच वर्षांचं घेतलं असतं तर हप्ता वाढला असता. तेवढा हप्ता झेपत नसेल, तर ती गाडी आत्ता आपली नाही, इतकं ते सोपं आहे.

गाडी वडिलांच्या नावावर, चालवणारे तुम्ही

नवी परवडत नाही म्हणून जुनी घेणारे खूप आहेत. वाईट नाही, झिजेचा मोठा भाग आधीच्या मालकाने सोसलेला असतो. पण आपल्याकडे व्यवहार कसा होतो? ओळखीतून गाडी येते, रोख पैसे दिले जातात, विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो आणि ते फॉर्म डिकीत पडून राहतात. आरसी जुन्याच नावावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या नजरेत मालक तोच, मग मधे गाडी कितीही हात बदललेली असो. म्हणजे तुम्ही गाडी विकली आणि नाव बदलून घेतलं नाही, तर तिसऱ्याच माणसाने केलेल्या अपघाताची भरपाई तुमच्या दारात येऊ शकते. घेताना आणि विकताना दोन्ही वेळा नाव बदलेपर्यंत मागे लागा.

विम्याचंही तसंच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षं त्याचा विसर पडतो आणि सहाव्या वर्षी तो संपलाय, हेही विसरलं जातं. जुनी गाडी घेणाऱ्याच्या पदरात नेमकी अशीच गाडी येते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये वर्षाला ७१४ रुपये ठरवण्यात आला. दिवसाला दोन रुपयांपेक्षा कमी. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदाच दोन हजारांपर्यंत दंड, आणि कोणाला लागलं तर भरपाई स्वतःच्या खिशातून, म्हणजे बहुतेकदा घरच्या जमिनीतून.

आणि थर्ड पार्टी विमा तुमच्यासाठी नसतोच. तो समोरच्यासाठी असतो. त्यासोबत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते मालक-चालकाला. कॉलेजच्या पार्किंगमधल्या किती गाड्या विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नावावर असतात? गाडी वडिलांच्या नावावर आणि ती रोज शंभर किलोमीटर पळवणारे तुम्ही, तर त्या १५ लाखांवर तुमचा हक्क नाही. मित्राची गाडी घेऊन गेलात तरी नाही. वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी मिळते, एखाद्या पेट्रोलच्या टाकीइतकी महाग नसते. अकरावी-बारावीच्या पोरांबद्दल वेगळं सांगायला नको: अठरा पूर्ण नसताना गाडी हातात दिसली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, अशी तरतूद कायद्यात आहे.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. रोज कात्रजच्या बोगद्यातून जाऊन नवले पुलाचा उतार उतरणाऱ्याने ही टक्केवारी पेट्रोलच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावी. साडेसात हजार रुपयांत ती कुठेच धरलेली नव्हती.

बसचं कौतुक करताना तिची लंगडी बाजूही मान्य केली पाहिजे. पास स्वस्त असून उपयोग काय, बस वेळेवर नसेल तर? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपाच्या काळात गावोगावच्या पोरांनी हे भोगलंय. तेव्हा ज्याने हप्त्यावर गाडी घेतली, तो एसटी सुरू झाल्यावर गाडी विकून पासाच्या रांगेत कशाला येईल? गाडी एकदा दारात आली की तिचा हप्ता चालवली तरी जातो, उभी केली तरी जातो. मग रोजची तुलना फक्त पेट्रोल आणि तिकिटाची होते, आणि त्यात बस हरते. प्रवासी घटले म्हणून फेऱ्या घटतात, फेऱ्या घटल्या म्हणून आणखी गाड्या घेतल्या जातात. भाडेवाढ, टोल पास आणि जीएसटी कपात एकाच वर्षात आल्याने हे चाक आणखी जोरात फिरेल, असं मला वाटतं. जीएसटी कपात करू नये, असं नाही. पण तेवढाच विचार बसच्या फेऱ्यांचाही व्हायला हवा होता.

शिरवळची आणखी एक अडचण भूगोलाची आहे. नीरा ही जिल्ह्याची हद्द, म्हणून एसटीच्या विभागांचीही. अलीकडे सातारा विभागाचं पारगाव-खंडाळा आगार, पलीकडे पुणे विभागाचं भोर. सकाळी पुण्याकडे जाणारी पोरं साताऱ्याची आणि ती उतरणार पुण्यात. मागणी करायची कोणाकडे, इथपासून सुरुवात.

तेव्हा अर्ज दोन्ही विभाग नियंत्रकांना द्या. त्यात नुसतं ‘बस वाढवा’ लिहू नका, तशा अर्जांची थप्पी प्रत्येक आगारात असते. किती पासधारक, कोणत्या थांब्यावरून, कोणत्या वाराला, किती वाजता चढणार आणि परत किती वाजता निघणार, हे नावानिशी द्या. पन्नास पासधारक एका वेळी मिळतात म्हटल्यावर आगारप्रमुखाला नवी बस मागावी लागत नाही. आधीच धावणारी एखादी विनाथांबा गाडी सकाळी शिरवळला दोन मिनिटं थांबवता येते. कॉलेजचं वेळापत्रक हातात पडलं की त्याच आठवड्यात हे करा, पासाची रांग लागायच्या आधी आणि दसऱ्याची बुकिंग सुरू व्हायच्या तर फारच आधी.